यहुदी उपासनेतील रौप्य-उपकरणे आणि त्यांपासून घ्यावयाचा बोध

धर्मस्थानास चांदी अर्पण करण्याची चाल आपल्या समाजात जुनी आहे. छत्र, चामर, कलश व अष्टमंगल द्रव्ये चांदीची करविण्यात आपणांस धन्यता वाटते. हुपरीसारखी चांदीची पेठ निपाणीजवळच असल्यामुळे कसबी कारागिरांचीही उणीव भासत नाही. परंतु धर्मकार्यात चांदी कशासाठी असावी व किती असावी, याचा विचार दुसऱ्या एका प्राचीन समाजाने कसा केला आहे हे पाहणे उद्बोधक ठरेल. तो समाज म्हणजे यहुदी अथवा ज्यू समाज होय. त्याची एक शाखा आपली मराठी बोलत कोकणात शतकानुशतके नांदली; तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नाही.

शनवार तेली

या शाखेस बेने इस्राएल म्हणतात. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कुलाबा जिल्ह्यात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. केहिमकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. दीर्घकाळ या लोकांजवळ ना धर्मग्रंथ होता, ना चांदीचे एखादे उपकरण. एक मुख्य प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवारची विश्रांती एवढ्यावर त्यांनी आपला धर्म टिकविला. सात दिवसांतून एक दिवस धंदा बंद ठेवणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

पुढे कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. बेने इस्राएल लोक प्रार्थनामंदिरास ‘मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. मुंबईचा घाऊक धान्यबाजार नवी मुंबईस जाण्यापूर्वी आपल्यापैकी पुष्कळांची पावले त्या भागास लागलेली आहेत.

पोथी आणि तिचा साज

यहुदी मंदिरात मूर्ती नसते. तेथे पूज्यस्थानी असते ती पोथी, म्हणजे ‘तोरा’. ही चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर हातानेच लिहावी लागते. चर्मपत्र आपल्या अहिंसाधर्मास रुचणारे नाही, हे खरे. तथापि त्या लेखनामागील काटेकोरपणा मनन करण्याजोगा आहे. तोरेची अक्षरे ३,०४,८०५ आहेत असे मानतात, आणि त्यांतील एकही अक्षर चुकले अथवा झिजून गेले तर ती पोथी वाचनास अपात्र ठरते. वाचताना असा दोष आढळल्यास ती बाजूस ठेवून दुसरी काढतात. वर कितीही तोळे चांदी मढविलेली असो, त्या चांदीने पोथीची पात्रता परत येत नाही.

चांदीची मुख्य उपकरणे याच पोथीच्या सेवेत असतात. बगदादहून आलेल्या यहुद्यांच्या रिवाजाप्रमाणे पोथी लाकडाच्या गोल पेटीत उभी ठेवतात. पेटीची दोन दळे बिजागरीने उघडतात व वरून चांदीचा पत्रा किंवा मखमल मढविलेली असते. वाचनही पोथी उभी ठेवूनच होते. भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्याचे ‘लाल देऊळ’ ही डेव्हिड ससून या बगदादी व्यापाऱ्याने उभारविलेली मंदिरे याच परंपरेतील होत. युरोपात मात्र पोथीस वस्त्र नेसवितात, त्यावर चांदीचे उरःपत्र अडकवितात आणि आडवी ठेवून वाचतात.

पोथीच्या शिरोभागी चांदीचे दोन गोंडे बसवितात. त्यांचे नाव ‘रिम्मोनीम’, म्हणजे डाळिंबे. त्यांना घुंगरे असतात. पोथी बाहेर निघाली की त्यांचा नाद होतो व मंडळी उठून उभी राहतात. वाचताना अक्षरांवर बोट ठेवावयाचे नाही, म्हणून ‘याद’ नावाची चांदीची काडी वापरतात. तिच्या टोकास तर्जनी पुढे केलेला चिमुकला हात असतो. हाताच्या घामाने अक्षर झिजू नये आणि ओळही चुकू नये, असे दोन्ही हेतू त्यात साधतात.

घरगुती विधींतही चांदी असते. शनिवारच्या पवित्र दिवसाचा आरंभ द्राक्षरसाच्या प्याल्याने होतो. बेने इस्राएल घरांत त्यासाठी मनुकांचे सरबत करीत. तो दिवस सरताना लवंग-दालचिनीसारख्या मसाल्यांचा सुगंध घेतात. युरोपात त्यासाठी मनोऱ्याच्या आकाराच्या चांदीच्या डब्या घडविल्या गेल्या. तेथील कारागीरसंघ यहुद्यांना प्रवेश देत नसत; त्यामुळे अशी पुष्कळ उपकरणे ख्रिस्ती सोनारांच्या हातची आहेत. उलट बेने इस्राएलांच्या ‘मलिदा’ विधीत चांदीची गरजच नाही. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडले की एलिया संदेष्ट्याचे स्मरण होते.

शोभेस मर्यादा

धर्मकृत्य सुंदर रीतीने करावे, अशी यहुद्यांची शिकवण आहे. परंतु त्यांच्या शास्त्रकारांनी त्यासही माप घातले : शोभेसाठी मूळ खर्चाच्या एक तृतीयांशापर्यंतच अधिक खर्च करावा. म्हणजे कार्यास तीन रुपये, तर शोभेस फार तर एक.

दुसरा नियम विक्रीचा आहे. मंदिर विकून आलेल्या पैशात पोथीची पेटी घ्यावी, पेटी विकून वेष्टने, वेष्टने विकून ग्रंथ आणि ग्रंथ विकून तोरा. हा क्रम उलटविता येत नाही. पोथीसाठी साज विकता येतो. साजासाठी पोथी विकता येत नाही.

या सर्वांच्या मुळाशी माणसे आहेत. दहा प्रौढ पुरुष जमल्याखेरीज तोरेचे सार्वजनिक वाचन होत नाही. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली, आणि कोकणातील काही मंदिरांत दहा जण जमणेही कठीण झाले. चांदी असली तरी वाचक नाही, तर ती उपकरणे मुकीच राहतात.

आपला विचार

आता आपण आपल्याकडे पाहू. मुनिमहाराजांची उपकरणे तीनच : पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. त्यांत चांदीचे एकही नाही. मात्र शास्त्र आहे, व त्यास ज्ञानोपकरण म्हटले आहे. आपल्या निपाणीजवळच्या भोज परिसरात जन्मलेले आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) यांनी सिद्धांतग्रंथांच्या प्राचीन ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट झाल्याचे जाणून ते ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याची प्रेरणा समाजास दिली. तेथे धातू शोभेसाठी आला नाही. तो अक्षराच्या रक्षणासाठी आला.

चांदी अर्पण करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. भक्तीने दिलेले छत्र मंदिराची शोभा वाढविते, आणि देणाऱ्याचे मनही त्यात शुद्ध होते. आमची सूचना एवढीच, की एखादे कुटुंब चांदीचे उपकरण देईल तेव्हा तीनास एक हे माप त्याने मनाशी धरावे. उपकरणास एक भाग दिला, तर तीन भाग जुन्या हस्तलिखितांच्या जतनास, पाठशाळेस आणि मुलांना प्राकृत व संस्कृत शिकविणाऱ्या पंडितांस द्यावे. श्रुतपंचमीस पोथ्या कपाटातून काढून केवळ गंध-अक्षता न वाहता त्यांतील चार गाथा घरातील मुलांकडून वाचवून घ्याव्यात. वाचणारे मूल घरात असेल, तर त्या पोथीचे साध्या कापडाचे वेष्टनही चांदीहून मोलाचे ठरेल.