गारगोटीचा मणी

बेंबळीचे एक माळकरी गृहस्थ मागच्या एकादशीला भेटले. धोतराच्या सोग्यातून एक खडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. नांगराच्या तासात सापडलेला. वरून मातकट, फुटल्या अंगाने दुधाळ, आत पट्टे. म्हणाले, "महाराज, हे रत्नच आहे का? दुसरं असं, की साडेसाती हाय म्हणून एकानं नीलम घ्यायला सांगितलंय. त्यापायी म्हस इकावी लागंल."

म्हैस विकू नका, एवढे मी तिथेच सांगितले. पण खड्याची हकिगत सगळ्यांनीच ऐकण्यासारखी आहे.

गरुडपुराणात रत्नांची उत्पत्ती दिली आहे. बळ नावाचा असुर देवांच्या यज्ञात स्वतः पशू झाला. त्याच्या हाडांचे हिरे झाले, दातांची मोती, रक्ताचे माणिक, पित्ताची पाच आणि डोळ्यांचे नीलम. कथा मोठी गोड आहे. आता खाणीतली गोष्ट ऐका. माणिक आणि नीलम हे दोन्ही मुळात एकच खनिज, कुरुंद. क्रोमियमचा अंश मिसळला की तांबडे, लोह आणि टायटॅनियमचा मिसळला की निळे. माणिक रवीचे, नीलम शनीचे. आणि शनी तर सूर्याचाच पुत्र! बापलेक एकाच दगडाचे निघाले म्हणायचे. कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकात असते ती पूडही ह्याच कुरुंदाची. साडेसाती त्याला का सुटत नाही, हे त्यालाच विचारावे.

आता तुमचा खडा. तो गारगोटीच्याच जातीचा, त्याला अकीक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या ह्या मुलुखात जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहिला, थरावर थर बसले, त्याचा काळा पाषाण झाला. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत गारेचा अंश थराथराने साठवला. ते तुमचे पट्टे. खडक झिजून काळी माती झाली, पण गार कठीण, ती उरली आणि नांगराला लागली.

ह्याच जातीचा तांबडा मणी मात्र निसर्गात पुष्कळदा फिकाच मिळतो. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतला अकीक खंबायतचे कारागीर उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून शेणाच्या मंद आगीत भाजतात. दगडातल्या लोहाला धरून असलेले पाणी उडते आणि पिवळट खडा लालबुंद होतो. आच घाईची झाली तर तडकतो. रतनपूरला बावा गोर नावाच्या पिराचा दर्गा आहे. अकिकाचा धंदा त्यानेच घालून दिला असे ते कारागीर मानतात.

नाव ऐकून आपल्याला आपले गोरोबाकाका आठवतात. संबंध काही नाही, पण त्यांचे तेर आपल्याच तालुक्यात, आणि तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात लिहिले आहे, की पैठणहून अकिकासारखे पट्टेदार दगड आणि तगरहून कापड गाड्यांत घालून आडवाटेने भडोचला जात असे. तेरच्या पांढरीत मातीखाली मणी निघाले. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी उभी हयात अशा वस्तू गोळा केल्या. त्या आज त्यांच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात आहेत.

त्याच गावी गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी थोपटून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव रुसले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले. मडक्याला भट्टी लागते तशी अकिकालाही लागते, हे तेरच्या कुंभाराला कोणी सांगायला नको होते.

त्या गृहस्थांना म्हटले, "काकांच्या दर्शनाला जाल तेव्हा संग्रहालयातले मणी पाहून या, आणि हा खडा सोबत न्या." ते हसून म्हणाले, "आन् साडेसाती?" म्हटले, "तिला म्हशीचं दूध आवडत नाही असं कुठं ऐकलंय का?"