पिल्लू हाती आले तर



मी आपल्या याच शाळेची माजी विद्यार्थिनी. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांची आणि १२ नोव्हेंबरला डॉ. सलीम अली यांची जयंती असते. हे दोघेही पक्ष्यांचे मोठे अभ्यासक. म्हणून ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्यानिमित्त बाई मला म्हणाल्या, "तू उन्हाळ्यात पाखरांच्या दवाखान्यात राहून आलीस ना? मग आपल्या भित्तिपत्रकाला लिहून दे." म्हणून हा लेख.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. मी चौथीत होते. शाळेच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाचे घरटे होते. एके दिवशी त्यातले एक पिल्लू खाली पडले. आम्ही मैत्रिणींनी ते उचलले, खडूच्या पेटीत कापूस घालून ठेवले, आणि कापसाच्या वातीने त्याला दूध-पाणी पाजले. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला परत घेत नाही, असे सगळे सांगायचे. म्हणून घरट्यात ठेवायचे धाडस झाले नाही. सकाळी पिल्लू मेलेले होते. लिंबाखाली खड्डा करून आम्ही त्याला पुरले, वर फुले वाहिली. "त्याचं आयुष्यच तेवढं," अशी मी मनाची समजूत घातली.

या वर्षी परीक्षा संपल्यावर मी एका प्राणी-पक्षी निवारा केंद्रात दोन महिने शिकाऊ मदतनीस म्हणून राहिले. तिथे लोक जखमी, आजारी पाखरे आणून देतात. डॉक्टर औषधपाणी करतात. बरे झालेले पाखरू पुन्हा मोकळे सोडतात. पाखरांची रोजची देखभाल एक वयस्कर काका करीत. त्यांच्या हाताखाली मी शिकले.

पहाटे उठून पिंजऱ्यातले घाण झालेले कागद बदलायचे, भांडी धुवायची, आणि मग प्रत्येक पाखराचे वजन करायचे. छोट्या तराजूवर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. मला वाटले, रोज रोज वजन कशाला? काका म्हणाले, "पोरी, पाखरू दुखणं लपवतं. रानात जे लंगडं दिसतं, त्यालाच शिकारी आधी उचलतो. म्हणून ते शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करतं. पण वजन काही खोटं बोलत नाही."

पहिल्याच आठवड्यात एकाने होल्याचे पिल्लू आणले. तो वाटेत त्याला पाणी पाजत आला होता. पिल्लू तोंड उघडून धापा टाकत होते. काकांनी हलकेच त्याची चोच उघडली आणि मला दाखवले. जिभेच्या मागेच एक बारीकशी फट होती. काका म्हणाले, "हे बघ श्वासनळीचं तोंड. चोचीत पाणी ओतलं की ते इथून सरळ फुप्फुसात जातं." ते पिल्लू संध्याकाळी गेले.

मी दूधाबद्दल विचारले. दूध हे पाखरांचे अन्नच नव्हे, ते त्यांना पचत नाही. मग मला आमची खडूची पेटी आठवली. त्या पिल्लाचे आयुष्य तेवढे नव्हते. आम्हीच मायेने त्याला मारले होते. त्या रात्री मला जेवण गेले नाही. काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ठाऊक नव्हतं तेव्हा झालं. आता ठाऊक झालं, तर चार जणांना सांग." तेच मी आज करते आहे.

पिल्ले दोन प्रकारची असतात, बरे का! एक उघडे, पिसे न फुटलेले. ते घरट्यातून पडलेले असते. त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. म्हणून आधी ऊब, मग अन्न, असा नियम. गारठलेल्या पिल्लाला भरवले तर ते अन्न पचत नाही. असे पिल्लू सापडले आणि घरटे दिसत असेल, तर मोठ्या माणसाच्या मदतीने ते परत घरट्यात ठेवावे. हात लागल्याने आई पिल्लाला टाकून देते, हा गैरसमज आहे.

दुसरे पिसे फुटलेले, तुरुतुरु उड्या मारणारे. ते पडलेले नसते, उडायला शिकत असते. त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर असतात आणि त्याला भरवायला खाली येतात. आपण त्याला उचलले तर ती मदत नाही, पळवापळवी झाली! मांजर-कुत्रे जवळ असेल तर फक्त जवळच्या झुडपात ठेवावे आणि लांब व्हावे.

केंद्रात लहान पिल्लांना सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवावे लागे. माझे हात दुखून येत. तेव्हा कळले, बुलबुलाची आई दिवसभर किती खेपा घालत असेल!

आता दोन पाखरांची हकिगत सांगते.

एक होती घार. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा तिच्या पंखात रुतला होता. अशा मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी तो चोरून विकला जातो. डॉक्टरांनी टाके घातले होते. मी गेले तेव्हा ती मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव करीत होती. मला तिचा फार लळा लागला. पण काकांचा हुकूम होता, "तिच्याशी बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. मांसाचे तुकडे पडद्याआडून टाकायचे." मला ते कठोर वाटले.

दुसरी होती साळुंकी. कोणीतरी तिला पिल्लू असताना घरी नेऊन लाडाने वाढवले होते. ती हाताला येई, खांद्यावर बसे. पाहणारे म्हणत, "किती गोड!" पण तिला मांजराची भीती ठाऊक नव्हती, किडे शोधता येत नव्हते. तिला बाहेर सोडले तर ती दोन दिवसही जगली नसती.

मे महिन्यात एका सकाळी घारीला सोडले. पेटीचे दार उघडताच ती उडाली, लिंबावर क्षणभर टेकली आणि उंच गेली. आमच्याकडे तिने वळूनसुद्धा पाहिले नाही. मला थोडे रडू आले. काका हसून म्हणाले, "ती आपल्याला विसरली, म्हणजे आपलं काम नीट झालं." साळुंकी मात्र आजही त्या पिंजऱ्यातच आहे. काकांचा हुकूम कठोर का होता, ते तेव्हा उमगले.

लक्षात ठेवा

१. जखमी पाखराला हलक्या कापडात गुंडाळून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोके अंधारात, शांत जागी ठेवा.

२. छाती घट्ट दाबू नका. श्वास घेताना पाखराची छाती पुढे-मागे हलावी लागते. दाबली तर ते गुदमरते.

३. चोचीत पाणी, दूध, काहीही घालू नका.

४. लगेच गुरुजींना, घरच्यांना, वनरक्षकांना किंवा गुरांच्या डॉक्टरांना कळवा.

५. पोपट, साळुंकी असे रानपक्षी पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

सांगा पाहू!

१. काका रोज पाखरांचे वजन का करीत?

२. घार उडून गेली आणि साळुंकी राहिली, असे का झाले?

३. शाळेच्या आवारात कोणकोणती घरटी आहेत? लांबूनच पाहा आणि वहीत लिहा.

मेंदीचे ते कुंपण अजून आहे. परवा मी पाहिले, त्यात एक बुलबुल बसला होता. त्याच्या घरट्यातले पिल्लू कधी खाली आलेच, तर तुम्ही आमच्यासारखे करणार नाही ना?

तुमची,
एक ताई