शेवटची काडी

"दॅट वॉज द लास्ट स्ट्रॉ!" हे वाक्य इंग्रजी सिनेमात तुम्ही नक्की ऐकलं असेल. यातला स्ट्रॉ म्हणजे कोल्ड्रिंक प्यायची नळी नव्हे बरं का! स्ट्रॉ म्हणजे वाळलेल्या गवताची काडी. उंटाच्या पाठीवर काड्या रचत गेलं की एक वेळ अशी येते, की आणखी एकच काडी ठेवली आणि पाठ मोडली! सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हीच म्हण घोडा आणि पिसाची होती. पुढे चार्ल्स डिकन्सच्या १८४८ साली पूर्ण झालेल्या 'डॉम्बी अँड सन' कादंबरीत उंट आणि काडी भेटतात.

वापरताना एक लक्षात ठेवा. मेसची भाजी पहिल्यांदाच खारट झाली, तर ती 'लास्ट स्ट्रॉ' नाही. आधी बरंच काही सोसलेलं असावं लागतं आणि आता मात्र "बस्स झालं!" असं वाटावं लागतं.

मराठीत आपण म्हणतो, पाणी डोक्यावरून गेलं, सहनशक्तीचा कडेलोट झाला. शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घालणारा कृष्ण आठवा. तिथेही हिशोब साठलेल्याचाच! काडी मात्र आपल्याकडे वेगळी कामं करते. ती बुडत्याला आधार देते, आणि काही मंडळी नुसत्याच काड्या करतात. म्हणून 'लास्ट स्ट्रॉ'चं शब्दशः भाषांतर करू नका, समोरचा गोंधळेल.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघू. लॅबमध्ये यूटीएमवर सळई तुटते, ती काय एकट्या शेवटच्या न्यूटनमुळे? तो तर आधीच्या सगळ्या लोडच्या डोक्यावर चढून बसलेला असतो. माणसाचंही तसंच. रूममेट बादलीवरून भडकला, की आपण म्हणतो, "एवढ्याशा गोष्टीवरून?" पण भांडण बादलीचं नसतंच. रात्री दोनपर्यंत चालू ठेवलेला लाइट, न विचारता घेतलेला साबण, परीक्षेच्या आदल्या दिवशी लावलेली गाणी, अशा काड्या महिनोन्महिने साठलेल्या असतात. तो बोलला नाही आणि आपण विचारलं नाही.

सळई निदान तुटण्याआधी ताणली जाते, बारीक होते, म्हणजे इशारा देते. माणूसही देतो. तो गप्प गप्प राहतो, तुटक उत्तरं देतो, जेवायला एकटाच जातो. तेव्हाच विचारा, "काय झालं रे?" आणि आपल्याला काही खुपत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या काडीलाच सांगून टाका. शंभर भरायची वाट कशाला बघायची? चार वर्षं एकाच खोलीत काढायची आहेत!