वैद्याचा योगवर्ग : सेवा, शुल्क आणि सातत्य



स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन हे दुसरे, हा क्रम आपण विद्यार्थिदशेतच पाठ केलेला असतो. व्यवसायात मात्र तो उलटा होतो. चिकित्सालयात येतो तो आतुर. स्वस्थ मनुष्य वैद्याकडे सहसा फिरकत नाही आणि स्वस्थवृत्त हा विषय परीक्षेबरोबरच मागे पडतो. स्वस्थाला वैद्यापर्यंत आणणारी जी थोडी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत योगवर्ग हे सर्वांत सोपे होय. नवी मुंबईत वाशी, नेरूळपासून खारघरपर्यंत अनेक तरुण वैद्यांनी चिकित्सालयास जोडून असे वर्ग आरंभिले. त्यांतील कित्येक वर्ष-दीड वर्षात बंद पडल्याचे मी पाहिले आहे. शिकविणाऱ्याचे योगविषयक ज्ञान अपुरे होते, असे फारच थोड्या ठिकाणी आढळले. हिशेब जमला नाही, आणि त्याहूनही आधी, पैसे घ्यावेत की नाही याविषयी वैद्याच्या मनाचा निर्णय झालेला नव्हता. तेव्हा प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणानंतर लगेच धनाचा क्रम लागतो, कारण साधनांवाचून लाभलेले दीर्घायुष्य ही आचार्यांच्या मते अत्यंत हीन अवस्था आहे. त्याच संहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या रसायनपादात, चिकित्सेचा बाजारातील मालाप्रमाणे विक्रय करणारा वैद्य सोन्याची रास टाकून धुळीची रास पदरात घेतो, अशा आशयाची निर्भर्त्सना आहे. वरवर पाहता ही दोन वचने परस्परविरोधी वाटतात. माझ्या मते त्यांत विरोध नाही. वैद्याचा वेळ, जागा आणि मार्गदर्शन यांचे शुल्क ही वृत्ती होय; आरोग्यरूपी फळाचीच किंमत ठरवून ते विकणे हा पण्यविक्रय होय. महिनाभर वर्गास येण्याचे शुल्क घेणे पहिल्या प्रकारात मोडते. ‘तीन महिन्यांत मधुमेह मुक्ती’ असे पॅकेज फलकावर लिहिणे दुसऱ्या प्रकारात मोडते, मग त्याची किंमत कितीही अल्प असो.

महाराष्ट्रात योगशिक्षण हे उपजीविकेचे साधन कसे झाले, याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. माल्सरच्या परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी ही वाट प्रथम पाडली. श्रीयोगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापिली. ते स्वतः गृहस्थाश्रमी होते आणि संसारी माणसाने घरी राहून योग करावा हाच त्यांचा आग्रह होता. १९४८ पासून संस्थेचे कार्य सांताक्रूझ येथे चालू आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. संशोधन, अध्यापन आणि उपचार या तिन्ही अंगांनी ती संस्था वाढली. एका अंगाचे उत्पन्न घटले तरी संस्था दुसऱ्या अंगाच्या आधाराने उभी राहू शकते, हे आजच्या एकट्या वैद्यानेही ध्यानात घ्यावे.

परंतु एकट्या शिक्षकाला सर्वाधिक शिकविणारे उदाहरण बी. के. एस. अय्यंगार यांचे आहे. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांची प्रात्यक्षिके पाहिली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३७ मध्ये हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी पुण्यास आला. एका वैद्यकीय व्यावसायिकाने योगशिक्षकास हात दिला, ही गोष्ट मला विशेष वाटते. मुदत वाढली, पुढे ते कामही संपले आणि नंतरची कित्येक वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. मराठी धड येत नाही, हाती पदवी नाही, घरोघरी जाऊन शिकवण्या करावयाच्या. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली. ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याच्या अखेरीस मुंबईस येऊन ते वर्ग घेत, तो क्रमही वर्षानुवर्षे चालला. पुण्यातील रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेची वास्तू उभी राहिली ती १९७५ मध्ये. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवल्यापासून स्वतःच्या वास्तूपर्यंत अडतीस वर्षे लागली, आणि त्या वास्तूस शिष्यांच्या देणग्यांचा हातभार होता. आधी साधक, मग वास्तू, असा तो क्रम आहे. आपल्याकडे मात्र कर्ज काढून भिंतभर आरसे आणि लाकडी जमीन आधी होते व साधकांची वाट नंतर पाहिली जाते.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या उपनगरातील भाड्यानुसार ते बदलून घ्यावेत. समजा, सकाळी दोन तुकड्या, प्रत्येकी १३ साधक, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे महिन्यास सुमारे ४४ सत्रे. दरमहा शुल्क १,५०० रुपये धरल्यास २६ साधकांचे ३९,००० रुपये होतात. स्वतंत्र हॉल भाड्याने घेतला तर भाडे २५,०००, वीज व सफाई ४,०००, साहाय्यक शिक्षिकेचे मानधन ८,००० आणि किरकोळ १,५०० असा ३८,५०० खर्च येतो. उरले ५०० रुपये, म्हणजे सत्रामागे सुमारे अकरा रुपये. इतक्या पैशात वैद्याच्या चहाचीही सोय होत नाही.

तोच वर्ग गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात सकाळपुरती जागा घेऊन चालविला तर भाडे ६,०००, सफाई १,५००, मानधन ८,००० आणि किरकोळ १,५०० मिळून १७,००० होतात. उरतात २२,०००, म्हणजे सत्रामागे ५०० रुपये. मे महिन्यात गावी जाणारे, गणपतीत कोकणात जाणारे आणि दिवाळीत खंड पाडणारे वगळून साधकसंख्या १८ वर आली, तरी या दुसऱ्या मांडणीत १०,००० रुपये शिल्लक राहतात. पहिलीत त्या महिन्यात साडेअकरा हजारांची तूट येते. वर्ग बंद पडतो तो बहुधा अशाच लागोपाठच्या दोन-तीन महिन्यांत. म्हणून गर्दीच्या जानेवारीवरून अंदाज बांधू नये, मे महिन्यावरून बांधावा.

शुल्क दरमहा घ्यावे की वर्षाचे एकदम? वार्षिक सवलतीची रीत व्यायामशाळांकडून आली आहे. तिच्यात पैसे आधी हाती येतात आणि साधक दीड महिन्यात दिसेनासा होतो. गैरहजर माणसाच्या पैशावर चालणारा वर्ग वैद्यास शोभत नाही. मी ऋतुनिहाय शुल्काची पद्धत सुचवितो. ऋतू दोन महिन्यांचा, वर्षात सहा वेळा शुल्क, वरील उदाहरणात ऋतूस ३,००० रुपये. ऋतुसंधीच्या काळात प्रत्येक साधकाची दहा-पंधरा मिनिटे स्वतंत्र तपासणी करावी : नाडी, रक्तदाब, वजन, निद्रा, अग्नी, मलप्रवृत्ती, चालू असलेली औषधे. त्यानुसार आहारविहार आणि आसनांत बदल सुचवावा. ही तपासणी शुल्कातच अंतर्भूत असावी.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. ठाण्याच्या अंबिका योग कुटीरासारख्या संस्थांनी निःशुल्क योगवर्गांची थोर परंपरा निर्माण केली आहे, घंटाळी मित्र मंडळ १९६५ पासून सेवाभावाने कार्य करीत आहे, उद्यानांतही विनामूल्य वर्ग भरतात. मग वैद्यास लोकांनी पैसे का द्यावेत? या संस्थांशी स्पर्धा करण्याचे कारणच नाही. निरोगी आणि गरजू व्यक्तीस आपण होऊन तिकडे पाठवावे. मोठ्या समुदायात जे शक्य नसते तेवढ्यासाठीच वैद्याकडे यावे : गुडघ्याचा संधिगतवात असलेली गृहिणी, उच्च रक्तदाबाची गोळी घेणारा कारकून, प्रसूतीनंतरची सूतिका, पाठीच्या मणक्याची तक्रार असलेला रिक्षाचालक. यांतील ज्यास शुल्क परवडत नाही त्यासाठी प्रत्येक तुकडीत एक-दोन जागा राखून ठेवाव्यात; मात्र त्या मोजून ठेवाव्यात, संकोचापोटी वाढवू नयेत. शुल्क सांगताना आपण वैद्य मंडळी नजर खाली का वळवितो, हे मला अद्याप उमगलेले नाही. छापील पत्रक हाती द्यावे, म्हणजे तो प्रसंगच टळतो.

साधक वर्ग सोडतो त्याची कारणे दोन : दुखापत आणि वेळ. दुखापतीवर उपाय शास्त्रातच आहे. बलवान आणि स्निग्धभोजी व्यक्तीनेही शीत व वसंत ऋतूंत अर्धशक्ती व्यायाम करावा, इतर काळी त्याहून कमी, असे वाग्भटाचार्य सांगतात. कपाळ, नाक, सांधे यांवर घाम येणे, मुखशोष, श्वास तोंडावाटे सुरू होणे ही अर्धशक्तीची लक्षणे ओळखून थांबविण्यास साहाय्यकासही शिकवावे. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ग्रीष्म व वर्षा ऋतूंत तर सूर्यनमस्कारांची संख्या वाढविण्याचा हट्ट कटाक्षाने टाळावा. त्या दिवसांत प्राणायाम, शिथिलीकरण आणि सूक्ष्म हालचाली पुरेशा होत.

वेळेचा विचार नवी मुंबईत अधिक बारकाईने करावा लागतो. हार्बर मार्गाने मुंबईस जाणारा नोकरदार साडेसातपूर्वी मोकळा झाला पाहिजे. त्याची तुकडी सहाचीच हवी. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजी-फळांचा व्यापार करणाऱ्याचा दिवस पहाटेपूर्वीच सुरू होतो, त्याला सकाळचा वर्ग निरुपयोगी. ऐरोली, महापे येथील कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांची सकाळ सायंकाळी उजाडते. रात्रीजागरणाने रूक्षता वाढलेल्या या वर्गास सायंकाळी पाऊण तासाची सौम्य तुकडी, अभ्यंगाचा सल्ला आणि जेवणाच्या निश्चित वेळा यांचा लाभ होतो. दुपारची चारची तुकडी गृहिणी व निवृत्तांसाठी चालते. एकाच वैद्याने या सर्व वेळा पकडण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या चिकित्सालयात कोणते रुग्ण अधिक येतात ते पाहून दोन वेळा निवडाव्यात. २०२० च्या टाळेबंदीपासून रूढ झालेले दूरस्थ वर्ग जुन्या, परिचित साधकांपुरते ठीक. नव्या साधकाचे शरीर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यास पडद्यावरून शिकवू नये.

कायद्याविषयी थोडे. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम मधुमेह, रक्तदाब, स्थौल्य आदी विकारांवरील औषधांच्या जाहिरातीस प्रतिबंध करतो. केवळ आसने म्हणजे औषध नव्हे. परंतु वर्गाच्या पत्रकात चूर्ण वा काढा जोडून या विकारांचा दावा केला की प्रश्न उद्भवतो. शिवाय आपण नोंदणीकृत वैद्य असल्याने व्यावसायिक आचारसंहितेचे बंधन वेगळेच. करांच्या बाबतीत, रुग्णाची चिकित्सा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. स्वस्थांसाठीचा सामुदायिक वर्ग मात्र शरीरस्वास्थ्य सेवांत गणला जाऊ शकतो, ज्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. वार्षिक २० लाखांची मर्यादा मोजताना चिकित्सालयाचे करमुक्त उत्पन्नही एकूण उलाढालीत धरले जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोन्हींच्या पावत्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात आणि कर सल्लागारास एकदा भेटावे.

साहाय्यकाची निवड हा या सर्वांतील नाजूक भाग. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाची प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत. ती अवश्य पाहावीत, पण तेवढ्यावर विसंबू नये. चतुष्पादांतील उपस्थाता कसा असावा हे आपणांस ठाऊक आहेच : दक्ष, अनुरक्त, शुचि. आपल्याच वर्गातील दोन-तीन वर्षांचा नियमित साधक यासाठी उत्तम. त्यास मानधन ठरवून द्यावे आणि वर्षाने वाढवावे. फुकट राबविलेला साहाय्यक पुढील वर्षी समोरच्या इमारतीत स्वतःचा वर्ग काढतो, आणि त्याचे फारसे चुकते असेही म्हणता येत नाही.

राहता राहिली नोंदवही. एक जाड वही, प्रत्येक साधकास एक पान. डावीकडे ऋतुसंधीची तपासणी, उजवीकडे उपस्थिती, खाली शुल्काची तारीख. लागोपाठ चार दिवस कोणी आले नाही तर पाचव्या दिवशी दूरध्वनी करावा, प्रकृती विचारावी. शुल्काचा विषय त्या संभाषणात काढू नये.