जुन्या ट्रॅक्टरचा स्टार्टर : दोष कसा शोधावा

यंत्र अडलें कीं जो भाग काम करीत नाहीं तोच बिघडला असें आपण समजतों. हा तर्क नेहमींच खरा नसतो. याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील फोर्ड '८एन' ट्रॅक्टरच्या स्टार्टरमध्यें आढळतें. हे ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ या काळांत तयार झाले. त्यांपैकीं कित्येक आजही चालू आहेत.

स्टार्टर म्हणजे बॅटरीवर चालणारी विजेची मोटर. कळ दाबतांच ती फिरते, तिच्या दांड्यावरील लहान दांतेरी चाक झटक्यानें सरकून इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दांत्यांत अडकतें व इंजिन फिरूं लागतें. येथें बॅटरी अवघी ६ व्होल्टची. म्हणून जड इंजिन फिरविण्यास प्रवाह फार मोठा लागतो. समजा, तो २०० अँपियर आहे आणि एका गंजलेल्या सांध्यांत ०.०१ ओहम रोध आहे. ओहमच्या नियमाप्रमाणें २०० × ०.०१ = २ व्होल्ट त्या सांध्यांतच खर्ची पडतील. मोटरीस फार तर ४ व्होल्ट मिळतील व ती निर्दोष असूनही अडेल. दिव्यास मात्र प्रवाह थोडाच लागतो. म्हणून तो उजळ दिसला तरी सांधे ठीक आहेत असें मानूं नये.

शोध पुढील क्रमानें करावा :

(१) बॅटरी. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें ६.३ व्होल्ट दाखविते. कळ दाबल्यावर आंकडा ५ च्या बराच खालीं गेला तर प्रथम तीच भरावी व तपासावी.

(२) तारा व सांधे. कळ दाबलेली असतां व्होल्टमीटरचीं टोंकें प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंस लावावीं. आंकडा जवळजवळ शून्य पाहिजे. तसा नसल्यास सांधा घांसून घट्ट करावा. या ट्रॅक्टरांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तो पट्टा पुष्कळदां विसरला जातो.

(३) स्विच. मोटरीस प्रवाह सोडणाऱ्या स्विचच्या दोन जाड टोंकांवरही हीच परीक्षा करावी.

(४) मोटर. पुरेसे व्होल्ट पोंचूनही ती फिरत नसेल तरच ती उघडावी व झिजलेले ब्रश पाहावे. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाहीं असें असल्यास लहान चाक मळानें अडकलें आहे काय तें पाहावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गिअर न्यूट्रलमध्यें असल्याशिवाय या ट्रॅक्टरची कळ दाबली जात नाहीं. उतावीळ माणूस चाकाजवळ उभा राहून पेचकसानें स्विचचीं टोंकें जोडतो आणि हें संरक्षण निष्फळ करतो. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर त्याच्याच अंगावरून जातो; अशानें माणसें प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून इंजिनाचें प्रज्वलन बंद ठेवावें, गिअर न्यूट्रलमध्यें असल्याची खात्री करावी व कळ बसूनच दाबावी. सांधे सोडतांना सांगाड्याची तार प्रथम काढावी, म्हणजे पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडणार नाहीं. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें पेटतो.

भूमितींत एक पायरी सिद्ध झाल्यावांचून आपण दुसरी चढत नाहीं. यंत्राच्या दुरुस्तींतही तोच नियम पाळावा, म्हणजे नव्या मोटरीचा व्यर्थ खर्च वांचेल आणि माणसाचा जीवही.