न जुळण्याचे चार प्रकार : शब्दांची पारख

कार्यालयीन टिप्पण्यांत ‘डिसेंट’, ‘डिस्क्रिपन्सी’, ‘कॉन्ट्रडिक्शन’ आणि ‘रिपग्नन्सी’ हे इंग्रजी शब्द वारंवार आढळतात. चारींचा ढोबळ अर्थ ‘न जुळणे’ असाच आहे. तथापि, नेमके काय जुळत नाही, हे प्रत्येकात निराळे आहे. तो भेद ध्यानी न घेता मराठी प्रतिशब्द योजल्यास एखाद्यावर अकारण ठपका येण्याचा संभव असतो.

हे चारही शब्द मूळचे लॅटिन. ‘डिसेंट’च्या मुळाशी ‘निराळे वाटणे’ हा अर्थ आहे. तो मतापुरता असल्यामुळे त्यास ‘भिन्नमत’ म्हणावे. ‘अडथळा’ समजू नये. १९७६ साली आणीबाणीच्या काळात, बंदी प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात, न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सर्वोच्च न्यायालयातील आपल्या चार सहकाऱ्यांहून भिन्न मत नोंदविले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविला. सभेच्या कार्यवृत्तात एकट्या सदस्याचे मतही जसेच्या तसे का लिहावे, हे यावरून उमजेल.

‘डिस्क्रिपन्सी’चा मूळ अर्थ ‘बेसूर वाजणे’. हा शब्द आकडे व नोंदी यांच्यासाठी आहे. नोंदवहीत ५० पोती आणि गोदामात ४८, ही ‘तफावत’ होय. तिचे कारण मोजणीतील चूकही असू शकते. ‘अपहार’ हा चौकशीनंतरचा निष्कर्ष आहे; तो पहिल्याच टिप्पणीत लिहिणे अन्यायाचे ठरेल.

‘कॉन्ट्रडिक्शन’ म्हणजे ‘विरुद्ध बोलणे’. सभा सोमवारी झाली असे एक जण म्हणतो, ती झालीच नाही असे दुसरा म्हणतो. दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत. हा ‘परस्परविरोध’.

‘रिपग्नन्सी’ म्हणजे मुळात ‘उलट लढणे’. संविधानाच्या अनुच्छेद २५४ मध्ये हा कायद्यांमधील ‘विसंगती’चा विषय आहे. समवर्ती सूचीतील एखाद्या विषयावर राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी जुळत नसेल, तर सामान्यतः संसदेचा कायदा प्रभावी ठरतो. राज्याचा कायदा विसंगतीच्या मर्यादेपुरताच शून्य होतो, सर्वस्वी नव्हे.

तात्पर्य, लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : न जुळणारी गोष्ट मत आहे, आकडा आहे, विधान आहे की कायदा? उत्तर मिळाले की योग्य शब्द आपोआप सापडतो.