घर बांधण्यापूर्वी : वाढत्या किमती आणि आपले अंदाजपत्रक

पुणतांब्याच्या गोदाकाठच्या वस्त्यांतून फिरताना अर्धवट राहिलेली घरे ठायी ठायी दृष्टीस पडतात. कुठे लिंटेलपर्यंत भिंती आल्या आहेत, कुठे स्लॅबवर गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी त्याच घरांतील पालक आमच्यापुढे संकोचाने उभे राहतात आणि म्हणतात, "गुरुजी, सगळा पैसा घरात गेला, पोराचं यंदा कसं करावं?" घराचा हिशेब चुकला की त्याची भरपाई बहुधा मुलांच्या शिक्षणातून होते. म्हणून प्रस्तुत विषय शाळेच्या स्मरणिकेत मांडणे आम्हास उचित वाटते.

हा दोष आमच्या हातूनही घडला आहे. वडिलार्जित मातीचे घर पाडून आम्ही नवे घर आरंभिले, तेव्हा मोजमापाचा कागद आमच्याजवळ नव्हता. काम लिंटेलवर थांबले, दोन पावसाळे तसेच गेले आणि आमच्या थोरल्या कन्येचे महाविद्यालय एक वर्षाने लांबले. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा हिशेब ठेवू नये, याची खंत आजही आहे.

वास्तविक या विषयावर विनयपिटकात अत्यंत बोधप्रद प्रसंग आहे. आळवी येथील काही भिक्खूंनी दाता नसताना, मर्यादा न ठरविता कुट्या बांधावयास घेतल्या. काम संपेना, तेव्हा ते लोकांकडे माणूस, बैल, गाडी, कुऱ्हाड, बांबू, गवत, माती मागत फिरू लागले. लोक इतके त्रासले, की भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. दुरून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळू लागले. महाकाश्यप स्थविरांच्या हे ध्यानी आले आणि गोष्ट तथागतांपर्यंत गेली. तेव्हा नियम झाला : अशी कुटी आतून बारा वीत लांब व सात वीत रुंद असावी, जागा आधी संघाला दाखवावी, ती निर्धोक असावी आणि भोवती बैलगाडी फिरेल एवढी मोकळीक असावी. आधी जागा, मग माप, मग काम, असा हा क्रम आहे. आपण प्रायः तो उलटा करतो.

माप कसे ठरवावे? स्वतःजवळच्या पैशावरून. समजा, चारशे चौरस फुटांचे घर हवे आहे व स्थानिक दर प्रतिचौरस फूट १,५०० रुपये आहे. म्हणजे खर्च ६,००,००० रुपये. कुटुंब दरवर्षी ६०,००० रुपये शिल्लक टाकते आणि "पुरेसे जमले की बांधू" म्हणून थांबते. किमती वर्षाला दहा टक्क्यांनी वाढल्या, तर वर्षअखेर तेच घर ६,६०,००० रुपयांचे होते. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठविलेले सगळे भाववाढीने गिळले! दुसऱ्या वर्षी खर्च ७,२६,००० वर जातो, म्हणजे अंतर उलट ६,००० रुपयांनी वाढते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात दाखवून दिले, की रुपयाची क्रयशक्ती घटते तेव्हा किमती पुढे धावतात आणि मजुरी मागे राहते. एका वर्गाचा लाभ हा श्रमिकांचा तोटा असतो. शंभर वर्षांपूर्वीचे ते विवेचन आपल्या अंगणातील विटांच्या ढिगालाही लागू पडते. घरकुलाचेच पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपयांचे मूळ साहाय्य २०१६ साली ठरले. सिमेंट-सळईचे भाव तिथेच थांबले नाहीत.

मग उपाय कोणता? घर लहान करावे, पण पूर्ण करावे. समजा, बचत २,५०,०००, घरकुलाचे १,२०,००० आणि बँकेचे कर्ज १,१०,००० अशी एकूण ४,८०,००० रुपयांची तजवीज आहे. त्यातील ६०,००० म्हणजे साठ हजार रुपये भाववाढीसाठी बाजूला ठेवावेत. उरलेल्या ४,२०,००० मध्ये २८० चौरस फूट बसते. घरकुलाची किमान २६९ चौरस फुटांची अटही पाळली जाते. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि शौचालय इतके पूर्ण करून राहावयास जावे. पुढील खोलीसाठी जागा सोडावी. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यानुसार मिळतात, म्हणून आरंभी स्वतःचा पैसा हाती हवा.

कर्जाचा दर नीट पाहावा. वर्षाला नऊ टक्के दराने १,१०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज ८२५ रुपये होते. सावकाराच्या शेकडा तीन दराने तेच ३,३०० रुपये. भाववाढीच्या भीतीने सावकाराकडे जाणे म्हणजे विस्तवातून आगीत पडणे होय.

काटकसर कुठे करू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. नदीकाठी जोते पुराच्या पाण्याच्या खुणेहून उंच हवे. काटकसर करावयाची तर सज्जा, कमानी, रंगीत फरशी यांत करावी. पावसाळ्यात नदीतील वाळूउपसा बंद असतो, म्हणून वाळू व विटा आधी आणाव्यात. सिमेंट मात्र साठवू नये, तीन महिन्यांत त्याची ताकद उतरू लागते. गवंड्याला उचल द्यावी ती झालेल्या कामाच्या मापाने, आणि वहीत सही घेऊन.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. तो चौथा भाग घराच्या भिंतीत घालू नये. मुलामुलींचे शिक्षण त्याच भागावर सुरक्षित राहते. बाबासाहेबांनी परळच्या चाळीतील दोन खोल्यांतून दादरला 'राजगृह' उभारले, ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. घर कशासाठी, हे त्यांना आधी ठाऊक होते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे, की सुट्टीत घरी गेल्यावर बांधकामाची वही तुम्ही लिहावी. तारीख, वस्तू, परिमाण, दर, रक्कम आणि शिल्लक असे सहा रकाने आखा. दर शनिवारी ती वही आई-वडिलांना वाचून दाखवा. पहिल्या पानावर मात्र एक रक्कम लिहून ठेवा, जिला कोणी हात लावणार नाही : तुमच्या पुढील वर्षाच्या शिक्षणाची.

जय भीम! नमो बुद्धाय!